पाहुण्यांच्या गाडीला साखळी

नियम लावायला खाली उतरणाऱ्याने आधी चष्मा लावावा, असा नियम आमच्या सोसायटीच्या फलकावर नाही. बाकी अकरा आहेत, आणि सगळे माझ्या हस्ताक्षरात आहेत. गॅलरीच्या कठड्यावर गोधड्या वाळत घालू नयेत. जिन्यात चपलांचे स्टँड ठेवू नयेत. परवानगीशिवाय आत लावलेल्या गाडीच्या चाकाला साखळी घालण्यात येईल. यातला गोधड्यांचा नियम आमच्याच घरातून दर रविवारी मोडला जातो, तो भाग वेगळा. पण सेक्रेटरी झाल्यापासून मी जरा छाती काढून जिना उतरायला लागलो होतो हे खरं.

त्या रविवारी अकराच्या सुमाराला फाटकाजवळ एक पांढरी गाडी उभी दिसली. काचेवर आमचं स्टिकर नाही. वॉचमन चहाला गेलेला. मी त्याची वही उघडली, तर अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. तेव्हा नोंद नाहीच असं समजून मी वही मिटली. शेजारच्या दवाखान्यात येणारे लोक खुशाल आमच्याकडे गाड्या लावून जातात, हा माझा जुना राग. साखळी आणली, मागच्या चाकातून ओवली, कुलूप दाबलं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला : ‘कारवाई पूर्ण.’

दोन मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी अनवाणीच खाली आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस भरल्या गाडीतसुद्धा कधी ओरडला नसेल. आताही कुजबुजतच म्हणाले, “सेक्रेटरी, अहो पाहुण्यांची गाडी आहे ती. वहीत लिहिलंय मी.”

“कुठले पाहुणे?”

त्यांनी नुसतं वर, आपल्या गॅलरीकडे बोट दाखवलं. त्यांच्या मुलीला बघायला आलेले, मिरजगावचे.

मुलगी नागापूरला एमआयडीसीत टूलरूममध्ये कामाला. हे चौथं स्थळ. आधीचे तिघं चहा-पोहे घेऊन गेले आणि ‘मुलगी लोखंडात काम करते’ म्हणून नाही म्हणाले. यावेळी ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगायचं, जास्त खोलात शिरायचं नाही, असं शेजाऱ्यांनी ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळीच मला बोलले होते.

“किल्ली आणा पटकन. उठायच्या बेतात आहेत.”

किल्ली स्कूटरच्या जुडग्यात. स्कूटर घेऊन आमची ही भिंगारला, बहिणीकडे. दुसरी किल्ली सोसायटीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली पुन्हा त्याच जुडग्यात. महत्त्वाच्या किल्ल्या एका ठिकाणी असाव्यात, ही कल्पना माझीच. हिला फोन केला. “निघते,” एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

तोवर पाहुणे खाली आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडिलांनी साखळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ह्ये काय हाय?”

“जरा गैरसमज झाला. अर्ध्या तासात किल्ली येतेय.”

“अर्धा तास? आमाला एक वाजता राहुरीला पोचायचंय.”

राहुरीला काय, हे कोणी विचारलं नाही. एका दिवसात दोन मुली उरकायच्या, म्हणजे डिझेल वाचतं. मुलाच्या आईने पदर सारखा केला. शेजारी माझ्याकडे बघेनात. मी खाली बसून कुलूप ओढून पाहिलं, जसं काही ते माझ्या हातांना ओळखणार होतं.

“लई कडक नियम हायेत पाव्हनं तुमच्यात,” वडील शेजाऱ्यांना म्हणाले. “मानसाला बोलवायचं आन् बांधून ठिवायचं.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मुलगी खाली येत होती. अंगावर बघण्याच्या कार्यक्रमाची मोरपंखी साडी, हातात हॅक्सॉ, लोखंड कापायची करवत.

“ताई, वर जा,” शेजारी म्हणाले. एवढ्या मोठ्याने बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

“बाबा, त्यांना उशीर होतोय.” तिने पदर खोचला. “काका, सरका जरा.”

कुलपावर एकदाच ब्लेड ओढून तिने मान हलवली. “हे कडक आहे, घसरतंय. साखळीची कडी मऊ असते, ती कापते. कुणीतरी ताणून धरा.”

मी पुढे झालो, पण आधी मुलगाच गुडघ्यावर बसला. इस्त्रीच्या पँटीसकट. त्याने दोन्ही हातांनी साखळी ताणली. करवतीचा आवाज सुरू झाला. वरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली, आणि गोधड्यांच्या कठड्यांवर आता डोकी दिसायला लागली.

“पोरगी कंपनीत नक्की काय करती म्हनायची?” वडिलांनी विचारलं.

शेजाऱ्यांनी डोळे मिटले. उत्तर खालून आलं, हात न थांबवता. “डाय, म्हणजे साचे बनवते. लोखंडच कापते.”

“रोज असं हातानं?” मुलाने विचारलं.

“रोज मशीन कापतं. मी त्याला कुठं कापायचं ते सांगते. हलवू नका, ब्लेड तुटेल.”

“न्हाई हलवत.”

वडील घड्याळ बघत होते, आणि मी त्यांचं तोंड. शेवटी कडी तुटली, साखळी खळ्ळकन खाली पडली. मुलीने कपाळावरचा घाम पुसला, तर तिथे काळा पट्टा उमटला. मुलाच्या आईने पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला.

गाडी निघाली. आमच्या फाटकातून डावीकडे राहुरी, उजवीकडे शहर आणि पुढे मिरजगावचा रस्ता. गाडी फाटकात थांबली. आत काहीतरी बोलणं चाललं होतं. शेजाऱ्यांनी माझा दंड धरला, तो अजून दुखतो.

गाडी उजवीकडे वळली.

संध्याकाळी पाहुण्यांचा होकाराचा फोन आला. शेजारी पेढे न आणताच सांगायला आले, कारण मुलीचं उत्तर अजून व्हायचं होतं. ती काय म्हणते म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “तिचं काही कळत नाही. दोनदा भेटून मग सांगते म्हणाली. पण त्याने साखळी नीट धरली होती, असंही म्हणाली.”

ते गेल्यावर हिने जुडगा टेबलावर ठेवला. “मी आले तेव्हा करवत चालूच होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी स्कूटर बंद करून उभी राहिले.”

“किल्ली हातात असताना?”

“हो. तिघांना नुसते पोहे दाखवले. म्हटलं, एकाला तरी पोरगी दिसू दे.” मग गोधडीची घडी घालता घालता म्हणाली, “आणि तुम्ही उद्यापासून चष्मा दोरीला बांधून गळ्यात घाला. सोसायटीला तेवढी एकच साखळी पुरे.”