रंगाखालचे बाण

मिस्त्रींचा हात गेला, असं चाकणात लोक म्हणायचे. तो गेला नव्हता हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. आता माझं वय त्या वेळच्या मिस्त्रींएवढं झालंय. लिहून टाकतो.

स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. नाशिक रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, तेच आमचं गॅरेज. मिस्त्री लढाईच्या काळात देहूरोडला लष्करी गाड्यांवर काम केलेले, आणि मी त्यांच्या हाताखालचा फिटर, पंचविशीचा. गावातल्या कांद्याच्या एका अडत्यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली होती. त्यांचे दोन ट्रकही आमच्याकडेच यायचे. खरं तर त्या ट्रकांवरच गॅरेज चालायचं.

खंडेनवमीच्या आठवडाभर आधी मिस्त्रींनी जीपच्या मागच्या शाफ्टला नवा क्रॉस बसवला. शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा, गाडीखाली फिरणारा दांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याच्या शेवटी असलेला, अधिकच्या चिन्हासारखा सांधा; त्याची चारही टोकं आतल्या बारीक सुयांवर फिरतात. मोशीपर्यंत नेऊन आणली. कुठे हूं नाही की चूं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे पान्या-हातोड्यांबरोबर दारातल्या गाड्यांचीही पूजा व्हायची, आणि पूजेआधी सगळं घासून रंगवायचं. मिस्त्री झेंडू आणायला बाजारात गेले आणि मी हौसेनं जीपचा शाफ्ट उतरवला. तो मधून दोन तुकड्यांत निघतो, एकाचे दांते दुसऱ्यात सरकतात. दोन्ही तुकडे रॉकेलनं धुतले, काळ्या रंगाचा जाड हात दिला, वाळल्यावर जोडून चढवले. दोन्हींवर एकेक बाण कोरलेला असतो. ते समोरासमोर आले तरच जोड बरोबर, नाहीतर दोन्ही टोकांचे सांधे एकमेकांशी भांडत फिरतात. मिस्त्रींनी हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण बाण माझ्याच रंगाखाली गेले होते, आणि खरवडावं तर चमक जाणार. दांते जसे बसले तसे बसवले.

"वा! नवरदेव केलास की त्याला," मिस्त्री म्हणाले आणि शाफ्टला कुंकू लावलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी अडते तणतणत आले. "मिस्त्री, काय केलंत ओ माझ्या गाडीला? पस्तीस मैलाच्या वर गेली की अंगात आल्यागत करतीया. चाकणातनं दूध घिऊन निघालो तर भोसरीत लोणी उतरवावं लागंल!"

मग सुरू झालं ते तीन आठवडे संपेना. चाकांची अदलाबदल केली, थरथर तशीच. पस्तीसला नेऊन गिअर काढला आणि गाडी नुसती वाहू दिली, तरी तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. जीपला पुढच्या चाकांसाठीही एक शाफ्ट असतो, तो काढून ठेवला, फरक नाही. तो परत चढवून मागचा काढला आणि नुसत्या पुढच्या चाकांवर पळवली, तर गाडी गरीब गाय! म्हणजे चोर मागच्या शाफ्टात. तो दोन लाकडांवर ठेवून फिरवला. सरळ. वजन कुठे कमी-जास्त असेल म्हणून त्याला तारेनं लोखंडाचा तुकडा बांधला, इंच इंच सरकवत प्रत्येक वेळी मोशीपर्यंत जाऊन आलो. दिवसातून सहा खेपा. माझ्या दाढा दुखायला लागल्या. एकदा मिस्त्रींनी पाना पत्र्यावर फेकून मारला. शिवी न देणारा तो माणूस गाडीच्या आईपासून सुरुवात करून लिलावापर्यंत पोचला.

त्यांची रीत अशी की गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दोष सांगायचा. आता तळवा ठेवत, उचलत, पुन्हा ठेवत. एकदाच विचारलं, "लेका, बाण बघून बसवला होतास ना?"

"हो, बघितले की."

दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी हो म्हटलं म्हणजे त्यांच्या लेखी ते काम झालं होतं. राहता राहिला त्यांनी बसवलेला क्रॉस.

अडत्यांनी सांगून टाकलं, "तुळशीच्या लग्नापातूर थरथर ऱ्हायली तर जीप पुण्याला, अन् ट्रकबी."

मिस्त्रींनी पुण्याहून दुसरा क्रॉस मागवला. तो पोचला तेव्हा ते भाऊबिजेला बहिणीकडे चऱ्होलीला गेले होते. मी शाफ्ट उतरवला. सांधा सोडवताना छिन्नी निसटली, रंगाचा पोपडा उडाला आणि बाणाचं टोक दिसलं. दुसरा तुकडाही खरवडला. दोन बाणांची तोंडं दोन दिशांना.

क्रॉसला हात न लावता मी फक्त बाण समोरासमोर आणले आणि गाडी मोशीकडे काढली. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. काही नाही. तिथे रस्त्याकडेला गाडी थांबवली, खाली वाकलो आणि बाण पुन्हा बघितले. मग परत आलो, शाफ्ट पुन्हा उतरवला आणि मिस्त्रींचा चांगला क्रॉस काढून नवा घातला. दुरुस्ती काय केली म्हणून सांगायला काहीतरी हवं होतं. खरवडलेल्या जागेवर रंगही फिरवला.

अडते खूश. "भले शाब्बास! हिथनं फुडं माझ्या गाड्या तूच बघ. मिस्त्रींचं आता वय झालं, राव."

मिस्त्री परतल्यावर गाडी चालवून आले. "काय होतं रे?"

"क्रॉसच. आतल्या सुया तुटल्या होत्या."

"दाखव."

"फेकला."

त्यांनी तळवा पँटला पुसला. "सुया तुटल्या आणि मला हाताला कळलं नाही?" इतकंच. त्यानंतर कुठलीही गाडी आली की म्हणत, "तू बघ बाबा." वर्षभरात गॅरेज माझ्यावर सोपवून ते चऱ्होलीला बहिणीकडे राहायला गेले. तिथे विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करतील असं मला वाटलं होतं. ते शेळ्या राखू लागले.

तीन-चार वर्षांनी मी दिवाळीचा फराळ घेऊन गेलो होतो. क्रॉस फेकलाच नव्हता. तो ग्रीसच्या डब्यात जपला होता आणि त्या दिवशी खिशात होता. निघताना मी मुद्दाम म्हणालो, "मिस्त्री, माझ्या गाडीचा गिअरचा दांडा जरा थरथरतो. हात लावून बघता?"

ते बांधावरून उठलेच नाहीत. "नको रे. माझ्या हाताचं काही खरं नाही. उगाच तुला भलतंच सांगेन."

खिशात बोटांनी मी क्रॉसची टोकं फिरवत होतो. चारही अलगद फिरत होती. बाहेर काढायचा आणि त्यांच्या तळव्यावर ठेवायचा, एवढंच काम होतं. बहिणीनं आतून चहा आणला. मी तो उभ्यानं प्यायलो आणि गाडीत बसलो.

पुढल्या दिवाळीपर्यंत ते राहिले नाहीत.