तीन गाण्यांचा रस्ता

मी मेथी निवडत बसले होते तेव्हा पुतण्याचा फोन आला. 'काकू, आई गेली...' एवढंच बोलला. सिडकोतून रिक्षानं खडकेश्वरला पोचले, तर अक्काला खाली घेतलं होतं आणि खिडकीत तिचा ट्रान्झिस्टर वाजतच होता. बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पलंगावर एक साडी, फॉल अर्धा लावलेला, सुई तशीच टोचलेली. काम अर्धं टाकून उठायची तिची ही पहिलीच वेळ.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. जन्म अठ्ठेचाळीसचा, पोलीस ॲक्शनच्या सालचा, आणि हे ती अशा थाटात सांगायची, जणू फौजा तिच्या बारशालाच आल्या होत्या. माझं लग्न झालं त्याच वर्षी थोरल्या दिरांना अर्धांगवायू झाला. माझ्या नवऱ्याची नोकरी तेव्हा धड नव्हती. अक्कानं कुणाचा सल्ला घेतला नाही. गुलमंडीत चाँदभाईंच्या साड्यांच्या दुकानात गेली आणि फॉल लावायचं काम घेऊन आली. त्या कामावर घर चाललं, दिरांची औषधं आली, आणि मला बी.एड.ला घातलं तेही तिनंच. सासूबाई कुरकुरल्या तेव्हा तोंडावर म्हणाली, 'शिकल्याली सून आनली, ती काय भाकरी थापायला?'

रोज अकराच्या सुमारास साड्यांचं गाठोडं पाठीवर टाकून निघायची. खांद्याच्या पिशवीत चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर, चालू. मे महिन्यात आमच्या शहरात डांबर चपलेला चिकटतं, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. ही मात्र डोक्यावर पदर घेऊन, ओठांत गाणं घोळवत निघालेली. अंतर ती गाण्यांत मोजायची. घर ते गुलमंडी तीन गाणी; उन्हाळ्यात पाय जड होतात म्हणून चार. मध्ये बातम्या लागल्या की कडुनिंबाखाली बसून घ्यायची, कारण 'बातम्यांवर पाय उचलत नाय.' फॉलचा रंगही दुकानातल्या दिव्याखाली कधी निवडला नाही तिनं. साडी घेऊन भर उन्हात उभी राहायची. सावलीत रंग फसवतो म्हणे. मी एकदा रागावले, तर म्हणाली, 'ऊन डोक्यावर असतंय गं, चालायचं तर पायानं हाय. पायाला गाणं ऐकू येत ऱ्हायलं की बास.' घरातलं दुखणं, रात्रीची जागरणं, सगळं ती त्या तीन गाण्यांत उतरवून यायची. परत आली की चेहरा धुतल्यासारखा असायचा.

आता माझं सांगते. गुलमंडीच्या अलीकडच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. मधल्या सुट्टीत दोन शिक्षिकांबरोबर फाटकाशी उभी होते आणि रेडिओ ऐकू आला. मागोमाग अक्का, घामानं निथळलेली, पाठीवर गाठोडं. एक बाई हसून म्हणाली, 'बोहारीण दिसतेय, पण शौकीन आहे हं!' आणि मी... मी वळून वर्गात निघून गेले. जिच्या सुईवर मी मास्तरीण झाले, तिला ओळख दाखवली नाही. अक्कानं पाहिलं होतं. संध्याकाळी वाढताना तिनं भरीत माझ्याच ताटात जास्त घातलं.

तेराव्यानंतर राहिलेल्या साड्या मी पुऱ्या केल्या. टाके तिच्यासारखे नाहीत, पण केल्या. तिचीच पिशवी खांद्याला लावून गुलमंडीला गेले. ट्रान्झिस्टर आत होता, पण बंद. चाँदभाईंनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं. म्हणाले, 'टीचरबाई, आज बाजा नहीं बजा, तो चाय बोलना रह गया.' मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मी नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांनी अक्का शाळेपाशी आली की रेडिओ बंद करायला लागली, आणि शाळा ओलांडली की पुन्हा लावायची. तो पुन्हा सुरू झालेला ऐकू आला की चाँदभाई चहा सांगायचे, म्हणजे ती पायरी चढायला आणि चहा यायला एकच गाठ पडायची.

'मैं एक दिन पूछा, स्कूल के पास कायकू बंद करते? तो बोले, हमारी टीचर अंदर पढा रही है, बच्चों का ध्यान नक्को हटना.'

'पण मला रिटायर होऊन किती वर्षं झाली, चाँदभाई!'

'वो भी बोला मैं. हँसने लगे. बोले, कुर्सी तो उसकीच है ना.'

मी दुकानातच रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवसाचा अपमान ती गिळून बसली आहे. असेलही. पण मी तिची लाज वाटून तोंड फिरवलं त्याच फाटकापाशी ती रोज माझा मान राखत होती, आणि भर बाजारात सांगत होती. अशा बाईची मी जाऊ आहे, हे आता मला जो भेटेल त्याला सांगावंसं वाटतं.

निघताना पायरीवरच ट्रान्झिस्टर लावला. ऊन रणरणत होतं. शाळेचा कोपरा आला आणि माझा हात आपोआप बटणाकडे गेला. पण उन्हाळ्याची सुट्टी होती, फाटकाला कुलूप होतं. रखवालदार स्टुलावरून उठला. 'बाई, ह्यो रेडिओ त्या फॉलवाल्या आजीचा ना?'

'हो,' मी म्हटलं, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. 'माझी थोरली जाऊ ती.'

आणि आवाज वाढवून चालू लागले.