अक्कांचं बोट

बोलणारा लांबला की अक्का टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर एक बोट दाबायच्या. कीबोर्डवर डावीकडं खाली कंट्रोलचं बटण असतं ना, ते दाबल्यासारखं. ते दाबलं की पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर गप्प होतं. माणसांवरही ते चालतं अशी अक्कांची समजूत होती. सगळ्यात जास्त त्यांनी ते माझ्यावर चालवलं. "नेते, बास की."

अक्कांना दिसत नव्हतं. मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं, आणि अंधांच्या हक्कांची पत्रकं मी लिहितो. नवी पेठेत कापडदुकानाच्या वरच्या खोलीत आमची संघटना. चार जुने काँप्युटर, परीक्षांची तयारी करणारी दृष्टिहीन पोरं, आणि कचेरीतलं टेलिफोन ऑपरेटरचं काम आटोपून येणाऱ्या अक्का. त्यांचं घर विणकरांचं, घरात तेलुगू. प्रोग्रामिंग त्या नुसतं ऐकून शिकल्या होत्या. त्यांचा काँप्युटर इतका भरभर बोलायचा की मला पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं वाटे. त्या ऐकता ऐकता मधेच हसायच्या. का, ते मला कधी कळलं नाही. मी जळायला तिथूनच लागलो. खोटं कशाला सांगू?

सांगोल्याकडची एक मुलगी क्लार्कच्या परीक्षेला बसणार होती. सरावात तिचा पेपर कधी पुराच व्हायचा नाही. एकदा ती रडकुंडीला आली. "ओ अक्का, मी फुडच्या प्रश्नावर जाते, आन् ह्यो बाबा अजून मागलंच वाचतोय! कंट्रोल दाबून बोट दुखलं, गप बसंनाच की!"

त्या सॉफ्टवेअरचा इंग्रजी आवाज पटकन थांबायचा. मराठी थांबायचा नाही. माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी पत्रक छापून आणलं: 'अंधांच्या वेळेची उघड चोरी!' सोमवारी कलेक्टर कचेरीसमोर धरणं.

मी वाचून दाखवल्यावर अक्कांनी पत्रक चाचपलं, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

"कागद चांगला जाड आहे," त्या म्हणाल्या. "पण धरणं कुणाच्या दारात, नेते? हे सॉफ्टवेअर फुकट. आतलं सगळं उघडं. करणारी माणसं आपल्यासारखीच. कुणीही हात घालावा. मी घालते की."

धरणं झालं. पेपरात माझा फोटो आला. मराठी आवाज थांबला नाही.

अक्का रोज कानाला हेडफोन लावून बसायच्या. कुठल्याकुठल्या देशांतली माणसं त्यांच्या दुरुस्तीत चुका काढायची, त्या निमूट सुधारायच्या. बिघाड त्यांनी मला असा समजावला: मराठी आवाज अख्खा परिच्छेद एकदम गिळतो, आणि गिळलेलं बोलून संपेपर्यंत त्याला 'थांब' ऐकूच येत नाही. त्यांनी त्याला लहान घास घ्यायला लावले आणि प्रत्येक घासानंतर कान द्यायला शिकवलं.

नवं सॉफ्टवेअर घातलं त्या दिवशी ती मुलगी किंचाळली, "अक्का, गप झालं! मधीच! शब्द तोडून!" मग चारही काँप्युटरांवर पोरं त्याला मुद्दाम बोलायला लावायची आणि मुद्दाम गप्प करायची. अक्कांभोवती कोंडाळं. मी दाराशी उभा. मला कुणी हाक मारली नाही.

पुढं मी जे केलं तेही लिहायला हवं. नवं पत्रक काढलं: 'संघटनेच्या धरण्यापुढं यंत्रणा नमली!' अक्कांचा उल्लेख कुठंच नाही.

"वाचून दाखव की," त्या म्हणाल्या.

मी वाचलं: 'अक्कांच्या परिश्रमांना यश!' कागदावर नसलेलं, न अडखळता.

"छान लिहिलंस रे."

दोन दिवसांनी खोलीत शिरलो. अक्कांनी ते पत्रक फोनच्या कॅमेऱ्यापुढं धरलं होतं आणि फोन खणखणीत वाचत होता, 'यंत्रणा नमली!' फोन कागद वाचतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच सोयीवर मी एक पत्रक काढलं होतं.

मी लगेच सुरू झालो. संघटना टिकली पाहिजे, लोकांना लढा दिसला पाहिजे, एकट्यादुकट्याचं नाव मोठं करून चळवळ चालत नाही. अक्कांनी टेबलावर बोट दाबलं. मी बोलतच राहिलो. त्यांनी पुन्हा दाबलं.

"तुझ्यातपण तोच बिघाड आहे की रे," त्या म्हणाल्या. "बस हितं. पोरीची परीक्षा आलीय. तिला प्रश्न घाल."

मी बसलो. महिनाभर प्रश्न घातले. मुलगी पास झाली, आता सांगोल्याकडंच एका कचेरीत आहे. पेढे घेऊन आली तेव्हा पहिला अक्कांना दिला, दुसरा मला. दुसरा पेढाही गोडच असतो म्हणतात. मला नाही लागला.

अक्का निवृत्त होऊन लेकीकडं हैदराबादला गेल्या. हे लिहिण्याआधी फोन करून विचारलं, या वेळी तरी नाव घालू का? म्हणाल्या, "राहू दे की. आता काय त्याचं?" तुम्हीच सांगा, अशा बाईवर माणसानं जळायचं तरी किती!

आता पत्रक छापण्याआधी मी त्यांच्या खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि ते काँप्युटरकडून वाचून घेतो. जिथं माझंच कौतुक सुरू होतं तिथं डावीकडचं बटण दाबतो.

आवाज लगेच थांबतो. शब्द तोडून.