यशोदाकाकीला गाडी लागते

यशोदाकाकीला गाडी लागते, हे आमच्या सगळ्या भाऊकीला पाठ आहे. नवी नवरी असताना पहूरच्या एका लग्नाहून परतताना तिला जीपमध्ये उलटी झाली, आणि तीही प्रेमराजकाकांच्या कोऱ्या करकरीत सफारी सूटवर. तेव्हापासून काकांनी तिला कुठेही नेलं नाही. स्वतः मात्र दर उन्हाळ्यात मित्रांना घेऊन गाडी काढायचे. सोमनाथ झालं, मनाली झालं, लडाख झालं. आदल्या दिवशी काकी दशम्या लाटायची, शेंगदाण्याची चटणी कुटायची, डबे बांधायची. निघताना काका खिडकीतून मान बाहेर काढून म्हणायचे, "फोटो दखाडसू तुले." गाडीतले सगळे हसायचे.

मी काकांची पुतणी, दिपमाला. त्या हसण्याची मला मनस्वी चीड, कारण त्या उलटीचं खरं कारण काकीनेच मला सांगितलं होतं. "तवय नवल पोटमा व्हता. कोनी इचारं बी नही." पुढे सगळ्यांना कळलं, पेढे वाटले गेले, पण गाडी लागण्याचा शिक्का तसाच राहिला. तो पुसला असता तर तिला सोबत न्यावं लागलं असतं ना!

हा नवल, काकीचा मुलगा, आता जर्मनीत नोकरीला आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याचा फोन आला. म्हणाला, पुढच्या जूनमध्ये आईसलँडला जाऊ, भाड्याने गाडी घेऊन दोन आठवड्यांत अख्ख्या बेटाला चक्कर मारू. फक्त मला एकट्याला रोज चालवणं झेपणार नाही, आणखी कोणीतरी चालवणारं हवं.

"मी शे ना!" काका ताठ होऊन म्हणाले. त्यांचे जिवलग मित्र रतिलालभाऊ शेजारीच बसले होते, त्यांनाही न्यायचं तिथल्या तिथे ठरलं. काकी चहाचे कप घेऊन उभी होती. तिच्याकडे न बघताच काका बोलले, "तिले गाडी लागस. आनि घर कोन देखी?"

काकी आत आली. मला वाटलं रडेल. पण डोळे कोरडे ठाक होते. "आते याले दखाडसूच मी," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मेहरूण तलावावर फिरायला जाते असं सांगून ती ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत बसू लागली. लायसन्स हातात आलं तरी घरात कोणाला पत्ता नव्हता. दुपारी काका घोरायला लागले की आम्ही दोघी मोबाइलवर नवलसोबत बेत आखायचो. आधी दक्षिणेकडचे धबधबे, मग काळ्या वाळूचा किनारा, मग समुद्रात तरंगणारे बर्फाचे डोंगर, उत्तरेला देवमासे. तिथला वारा गाडीचं दार उखडून नेतो, म्हणून दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, असं नवलने सांगितलं. काकी ते कपाटाच्या दारावर करून बघायची. जूनमध्ये तिथे अंधारच पडत नाही हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. "बरं शे. काहीच देखानं ऱ्हावाव नही."

बाहेरच्या खोलीत काका आणि रतिलालभाऊ त्याच बेटाचा दुसराच बेत आखत होते. त्यात धबधबे कमी आणि खाणं जास्त. "बिबडे भरपूर कर, यशोदा. तठे काही भेटाव नही," असा ज्वारीच्या पापडांचा हुकूम बाहेरून यायचा. काकी शांतपणे "हा" म्हणायची. तो "हा" ऐकून मला काकांची कीव यायला हवी होती. आली नाही.

थंडीत असोद्याच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. सगळी भाऊकी जमली. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, ठेचली, आणि पुऱ्यांसोबत पंगत बसली. काका मोठ्या आवाजात आईसलँडच्या गप्पा ठोकत होते आणि काकी त्यांच्या पानात पुन्हा पुन्हा भरीत वाढत होती. एवढी माया तिने जन्मात दाखवली नव्हती. निघायची वेळ झाली तेव्हा ती सरळ गाडीच्या स्टिअरिंगवर जाऊन बसली आणि सगळ्यांसमोर लायसन्स दाखवलं.

"तुमनं जेवन जास्त व्हयेल शे. मांगे बठा."

बायका टाळ्या पिटू लागल्या. काकांना नाही म्हणता येईना. "चालाड, देखू तरी," म्हणत हसत हसत मागे बसले. रतिलालभाऊ पुढे, मी काकांच्या शेजारी. काकीने गाडी घराकडे वळवलीच नाही, पहूरच्या रस्त्याला लावली.

काका जन्मात कधी मागच्या सीटवर बसले नव्हते. नेरी गावापर्यंत ते काकीच्या चुका काढत होते. पुढे समोरची सीट दोन्ही हातांनी धरून बसले. गतिरोधक आले, खड्डे आले, आणि काकीने एकही चुकवला नाही. पहूरच्या अलीकडे काका कसेबसे म्हणाले, "उभी कर..." तोवर पांढऱ्या सदऱ्यावर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काकीने गाडी कडेला घेतली. पाण्याची बाटली मागे दिली आणि आरशात बघत विचारलं, "मन्हा पोटमा नवल व्हता. तुमना पोटमा कोन शे?"

रतिलालभाऊंच्या पोटात कधी काही राहतं का? संध्याकाळपर्यंत साऱ्या भाऊकीत झालं, प्रेमराजला गाडी लागते. काकीने नवलला फोन केला. "तुन्हा बाबाले गाडी लागस रे. त्यासले घरच ऱ्हाऊ दे. गाडी मी चालाडसू." काकांनी चार दिवस आदळआपट केली, पण ज्याला सांगायला जावं तो आधी सदऱ्याचंच विचारायचा.

काका आणि रतिलालभाऊंच्या जागी जूनमध्ये आम्ही दोघी निघालो. गाडी काकीच चालवत होती. स्टेशनवरून गाडी परत आणायला म्हणून रतिलालभाऊ मागे बसले होते. काका दारात उभे होते, हातात काकीने बांधून दिलेला दशम्यांचा डबा. काकीने काच खाली केली, मान बाहेर काढली.

"फोटो दखाडसू तुमले."

सगळ्यात आधी हसले ते रतिलालभाऊ.