शनिवारी डोक्यावर घेतलेली पाटी

देवावर मी एकदाच मनापासून रागावलो, तेही शनिवारी, मारुतीच्याच दारात. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. लालबागच्या तालमीत मला शाळकरी वयापासून घडवणारे आमचे वस्ताद सत्याग्रहात पकडले जाऊन तुरुंगात होते. हायस्कूलच्या कुस्त्या मी त्यांच्या देखत जिंकलो. कॉलेजात मात्र नशीब आडवं आलं. एका वर्षी खांदा निखळला, दुसऱ्या वर्षी निवडीतच चीत झालो. आता शेवटचं वर्ष आणि कॉलेजा-कॉलेजांमधली स्पर्धा. आखाड्याच्या कडेला वस्ताद उभे नसणार, ही कल्पनाच सहन होत नसे. त्यांची इतकी आठवण यायची की रिकाम्या तालमीतही मी त्यांच्या खाकरण्याकडे कान लावून बसायचो.

आमच्या तालमीची रीत अशी, की स्पर्धेला निघणाऱ्याच्या तोंडात प्रत्येक जोडीदार मारुतीच्या प्रसादाची मूठ घालतो आणि नाही म्हणायचं नसतं. भिजवलेले हरभरे, गूळ, खोबरं. वजन गटात बसावं म्हणून मी अर्धपोटी राहिलो होतो, पण प्रसाद सगळा गिळला. मग शंका आली म्हणून शेजारच्या वखारीतल्या काट्यावर उभा राहिलो. वजन जास्त! दुपारी गिरगावात वजनं व्हायची होती. धावत जाऊन घाम काढावा, तर हरताळाचा दिवस. धावणारा पोरगा दिसला की पोलिसांची लाठी बसायची. "तूच भरवलंस, आता तूच निस्तर," असं तालमीच्या दारातल्या मारुतीला फणकाऱ्यानं सुनावून मी चालू लागलो.

ट्रामा बंद होत्या. भायखळ्याच्या अलीकडे फुटपाथवर एक म्हातारी कोळीण भरली पाटी घेऊन बसली होती. शिवडीहून आलेली, ठाकूरद्वारला तिची घरगुती गिऱ्हाइकं.

"ए पोरा, पाटी घे रं डोईवर. मासली नासल माझी."

"मावशी, आज शनिवार. मी मासळीला शिवत नाही."

"खाव नको, नुसती उचल. मारुतीनं डोंगर उचलला, तुला पाटी जड?"

चरफडत पाटी घेतली. तिच्यातलं खारट पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं, उन्हानं अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, जीव घायकुतीला आला होता, आणि म्हातारी पुढून "हळू चाल, बोंबील सांडशील" म्हणून मलाच दटावत होती. नाक्यानाक्यावर पोलीस होते, पण मासळीच्या पाटीखालच्या पोराला कोण अडवणार? ठाकूरद्वारला तिनं पाटी उतरवून घेतली आणि "जा, लेकरा" म्हणाली. मी नळाखाली अंग धुतलं आणि स्पर्धेच्या जागी जाऊन काट्यावर चढलो. काटा बरोबर माझ्या गटात थांबला. वजन घेणारे मास्तर पुढच्या मुलाला हाक मारत होते आणि मी तिथेच रडत उभा होतो.

कुस्त्या जिंकत मी शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो, आणि ती हरलो. प्रत्येक डावानंतर माझी नजर वस्तादांसाठी दाराकडे जात होती. त्या म्हातारीला मी पुढे कितीदा शोधलं, ती काही भेटली नाही.

वस्ताद सुटून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मासळीचं ऐकून ते पोट धरून हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "आत मी रोज मारुतीला सांगायचो, माझ्या पोराला एकदा आखाड्यात उतरू दे. जिंकू दे म्हणायचं राहूनच गेलं बघ."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, ते उचलवेना. आता वस्ताद नाहीत. शनिवारी मारुतीपुढे हात जोडतो, पण काही मागत नाही. काय मागायचं ते आपल्याला कुठं कळतं? माझ्यासाठी मागणारा माणूस गेला, म्हणून सगळं मारुतीवरच सोपवून घरी येतो.