उलट्या पेचाची सॉफ्टी

इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला. आमचं बुद्ध विहारात जाणारं घर. उतारे, अंगारे, देवऋषी यांना उंबऱ्याच्या आत जागाच नव्हती. आणि बाबा तर असल्या गोष्टींचे पक्के वैरी. कुणी म्हणालं की अमक्या चिंचेवर काहीतरी दिसलं, की बाबांचं ठरलेलं, "पुरावा दाखव. भूत असतं ना, तर शेठने त्याला कधीच लूमवर नाईट शिफ्टला लावलं असतं!" त्या माणसाची मी मुलगी... आणि आज इथे लिहायला बसलेय. हसा खुशाल.

आम्ही भिवंडीजवळच्या पूर्णा गावातले. काल्हेरच्या गोदामांच्या रस्त्यावर एका परदेशी बर्गर-आइस्क्रीम कंपनीचं आउटलेट आहे, तिथे मी शिफ्ट मॅनेजर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, नोकरी प्यारी आहे.

बाबा लूमवर कामाला होते, पण उन्हाळ्यात संध्याकाळी नाक्यावर सॉफ्टीची गाडी लावायचे. जुनं खडखडणारं मशीन, आणि दुधात घरी कुटलेली वेलची. बाबा डावखुरे. कोन डाव्या हातात धरून असा फिरवायचे की सॉफ्टीचा पेच उलटा पडायचा. आमच्या कंपनीत ट्रेनिंगच आहे, तीन वेढे, वर चोच, आणि सगळ्यांचे वेढे घड्याळाच्या काट्यांसारखे. बाबांचे बरोब्बर उलटे. आई रोज पहिला कोन खायची आणि रोज भांडायची, की वेलची फार झाली.

मग बाबा गेले. पुढचं दीड वर्ष आईचं जेवण म्हणजे दोन घास, तेही मी समोर बसले तर. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, त्यांना खाण्याची इच्छाच उरली नाहीये. हाडं दिसायला लागली होती तिची. मला फार भीती वाटायची.

गेल्या उन्हाळ्यात मी मॅनेजर झाले आणि ठरवलं, आईला दुकानात आणायचं आणि आपल्या हातचा कोन खायला घालायचा. मंगळवारी दुपारी तीनला बोलावलं, कारण तेव्हा गर्दी सगळ्यात कमी. आता माझी अक्कल बघा. आदल्याच आठवड्यात मशीनची पूर्ण सफाई मी स्वतः मंगळवारी दुपारी तीनवर टाकली होती. कारण तेच, गर्दी सगळ्यात कमी!

आई रिक्षातून उतरली, नवं लुगडं नेसून. मी तिला काचेजवळच्या टेबलावर बसवलं आणि काउंटरमागे गेले, तर आमचा इरफान मशीन उघडून बसलेला. बीटर, सील, नळीचं तोंड, सगळं साबणाच्या पाण्यात. वरची टाकी कोरडी ठणठणीत.

"मॅम, आपने ही तो टाइम लगाया था," तो म्हणाला.

"जोडायला किती वेळ?"

"दो घंटा तो पकडो. मिक्स ठंडा भी होना है ना."

मला रडूच आलं. दीड वर्षात आई पहिल्यांदा काही खायला म्हणून घराबाहेर पडली होती. आता तिला काय सांगू, या विचारात मी वळले... तर काउंटरवरच्या स्टँडमध्ये एक कोन उभा होता.

ताजा. कडक. जरासुद्धा वितळलेला नाही. मला वाटलं इरफानने आधीच काढून ठेवला असेल, त्याला वाटलं मी. म्हणून बिनधास्त उचलला आणि आईसमोर नेला.

आई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्यो कोणी काढला गो?"

"का गं?"

"पेच बघ ना बाय."

मी बघितलं. उलटा. चोचसुद्धा मागे वळलेली. फोटोसाठी मोबाईल काढायला मी खिशात हात घातला, तोवर आईने चोच तोंडात घातली होती. आणि मग हसली हो! एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या टेबलावरचे ड्रायव्हर वळून बघायला लागले.

"आजून तसंच हाय बघ! येलची जास्त टाकायची खोड काय गेली न्हाय!"

आमच्या मिक्समध्ये फक्त व्हॅनिला असतं. वेलची दुकानात शोधूनही सापडणार नाही. मी तिच्याकडून एक बोटभर घेऊन चाखलं... वेलचीच. जरा जास्तच.

नंतर कॅमेरा तपासला. आधी स्टँड रिकामा, मग मधे माझीच पाठ आडवी, पाठ सरकली तर कोन उभा. इरफानचे हात पूर्ण वेळ साबणाच्या पाण्यात. तो आजही शपथेवर सांगतो, "मॅम, मैंने नहीं बनाया."

तेव्हापासून आई जेवते. घरी आल्या आल्या तिने भाकरी मागितली होती, बरोबर बोंबलाची चटणी. मी अजूनही मंगळवारी तीनलाच सफाई ठेवते आणि स्टँडकडे पाठ करून मुद्दाम उभी राहते. पुन्हा काही झालं नाही. का झालं, कसं झालं, मला खरंच माहीत नाही.

बाबा असते तर म्हणाले असते, पुरावा दाखव. कुठून दाखवू बाबा? पुरावा आईने खाऊन टाकला. खालच्या टोकासकट.