दहावा पुरुष

धाराशिवात बेने इस्राएलींचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, आमचं एकच घर, म्हणून कार्यक्रम असला की मी एसटीनं पुण्याच्या सिनेगॉगला जाते. मागच्या खेपेला ग्रुपवर आलं: प्रार्थना, मलिदा, मग ‘समाजात महिलांचा सहभाग’ यावर अध्यक्षांचं भाषण. गेले, तर प्रार्थनाच अडलेली. तिला दहा पुरुष लागतात, जमले होते नऊ. मी म्हटलं, “अहो, दहावी मला धरा की.”

अध्यक्ष हसले. “बाई चालत नाही. तुम्ही मलिद्याचं बघा.”

नारळ खोवला, पोह्यांत गूळ कालवला. वेलदोड्याचा वास सुटला तसे लई पुरुष उगवले. प्रार्थना उरकली, मलिदा संपला, भाषणही झालं. आम्ही बाया मागं भांडी घासत होतो, तेवढ्यात अध्यक्ष धावत आले. “फोटोत एक तरी बाई पाहिजे!”

म्हटलं, “आता पुरुष भरपूर आहेत. त्यातलाच एक बाई म्हणून धरा.”